पासओव्हर

पहिलं वर्ष करारांचं.
देणारा, घेणारा, मोबदला,
आणि दोघांची मनं एकाच गोष्टीवर जुळलेली असावीत,
असं सकाळी साडेसातला पेंगुळलेल्या वर्गात
कुणीतरी मोठ्यानं वाचायचं.
मी समासात लिहिलं होतं: लग्नातही विचारतात का हे?

दुसऱ्या वर्षी पुरावा. ऐकीव गोष्ट ग्राह्य नाही.
आमच्या भांडुपच्या गल्लीत मग काही उरलंच नसतं.

तिसऱ्या वर्षी लुटुपुटूचं कोर्ट, भाड्याचा डगला,
आणि एक काल्पनिक बेट,
ज्याच्या मालकीसाठी मी चाळीस मिनिटं भांडले.
जिंकले. तो चषक फ्रिजवर आहे,
आई त्यात रबरबँड ठेवते.

मग पुस्तक उघडं ठेवून द्यायची ती परीक्षा,
सनद,
धारप सरांच्या टेबलाशेजारचं स्टूल.

पानांना नंबर पेन्सिलीनं घालायचे,
कारण सर आदल्या रात्री मध्येच एक कागद घुसवतात
आणि दोनशे चाळीस आकडे खोडायचे असतात.
शिरस्तेदारांशी आधी हवापाण्याचं बोलावं.
अशिलाला 'बघू' म्हणू नये,
तो घरी जाऊन 'होईल' सांगतो.

आठ महिन्यांत कोर्टात मी एकच शब्द बोलले आहे.
पासओव्हर.
म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळानं पुकारा.
"सर, आमचे सर हायकोर्टात आहेत, सर."
एवढ्यासाठी तीन वर्षं.

आज धोबी तलावला, लघुवाद न्यायालयात,
जिन्याजवळच्या बाकावर नरसय्या येमुल.
काज-बटणवाले. परळला सहा बाय चारचा गाळा.
दावा माझ्याहून फक्त सात वर्षांनी लहान.
त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं.
"मॅडम, टाका सुटलाय."
डगला मी जुना घेतलेला, कुणा निवृत्त वकिलाचा,
खिशात त्यांची बडीशेप निघाली होती.

येमुलकाकांनी कॉलरमागून सुई काढली,
काळा दोरा ओवलेलीच.
"हात असाच ठेवा."
उस्तादाकडे पहिली दोन वर्षं म्हणे नुसत्या टाचण्या वेचल्या.
मग बटणं. कापडाला कात्री लावायला सहावं वर्ष उजाडलं.
"कंटाळा नाही आला?"
"आला की. पण खाली बसलं ना मॅडम,
की कुणाची शिवण आतून कशी, ते दिसतं.
वरून काय, सगळ्यांची चांगलीच."

मग विचारलं, "साहेब येतील ना आज?"
'बघू' ओठांवर आलं होतं.
"नाही येणार बहुतेक. मी पासओव्हर मागणार आहे."
"म्हणजे?"
सांगितलं.
अठरा वर्षं ते हा शब्द ऐकत होते,
त्यांना वाटायचं, पुढची तारीख पास झाली.
हसले नाहीत. दुसरा टाका घातला.

आतून पुकारा झाला.
दोरा तोडायला वेळ नव्हता.
मी उभी, बाहीला सुई लोंबकळतेय,
न्यायाधीश चष्म्यावरून बघतायत.
"काय आहे ते?"
आणि पहिल्यांदाच त्या एका शब्दाखेरीज
माझ्या तोंडून काही निघालं:
"शिवण अर्धी राहिलीय, सर."

स्टेनोबाईंची बोटं थांबली.
"बरं. अडीच वाजता."

बाहेर आले तेव्हा येमुलकाका
सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते.
मी शेजारी बसले, हात पुढे केला.