शिशाचा ठसा

म्हापशाच्या शुक्रवारी, ऊन चढायच्या आत
मी सगुण वेरेकरांच्या दुकानी पोचतो.
खोक्यात सरकारी वजनं, मखमलीत निजलेली,
हातोडी, ठसा, पावतीपुस्तक.
ते चहा सांगत नाहीत.
दिला तर लाच, नाही दिला तर उर्मटपणा,
हा घोळ त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच मिटवला:
कोकमाचं पाणी, दोघांना, एकाच तांब्यातून.

वजन उलटं करून
त्याच्या पोटातल्या शिशावर मी यंदाचं अक्षर ठोकतो.
ठोका, म्हणतात ते,
पण हे दोन किलो तुमच्या ठशाला भीत नाही.
ते भितं हळदोण्याच्या आंजेलीनला.
ती पिशवी नुसती उचलते आणि सांगते
किती मिरच्या कमी.

बापानं माझ्या कुडवानं मापून विकलं.
पोर्तुगिजांचा कागद आला, मग दिल्लीचा,
मग किलो, मग जीएसटी.
प्रत्येक कागद म्हणाला, आता बाजार सुधारेल.
बाजार त्या दिवशीही सहालाच उघडला होता.

माझ्या अर्जात या बोलण्याला रकाना नाही.

यंदा मात्र त्यांनी नातवाचा फोन पुढं केला.
हरमलची मिरची, घरपोच,
यांच्या खरेदीपेक्षा चाळीस रुपयांनी खाली.
देठ बघा, म्हणाले, ही हरमलची नव्हेच.
मग फोन पालथा घातला,
वजनाचं पोट दाखवावं तसा.
काळी काच. शिसं कुठंच नाही.
इथं कुठं ठोकणार?

पणजीत मसुदा चाललाय, मी म्हणालो.
(चाललाय की नाही, मला ठाऊक नव्हतं.)
नऊ वर्षांत पहिल्यांदा
त्यांच्या ओठांवर "बंद करा" आलेलं मी पाहिलं.
ते त्यांनी कोकमाबरोबर गिळलं.

नको.
मसुदा तुम्ही त्यांच्यासाठी लिहाल
आणि भरायला लावाल मला.
त्यांच्याकडे वकील आहेत.
माझ्याकडे आंजेलीन.

आणि ती आलीच, छत्री मिटत.
अर्धा किलो. तागडी सरळ झाली,
तरी सगुणबाबांनी वर दोन मिरच्या टाकल्या,
माझ्याकडे न बघता.
तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
ठसा विचारलाही नाही.

मी पावती फाडली.
फी त्यांनी सुट्ट्यात दिली, नाणं नाणं मोजून.
मी मोजली नाही.