डावा खांब

यॉर्कटनच्या धान्यकोठारात
वजनकाटा सांभाळायचा ओरेस्ट ह्लादून.
पावत्यांच्या पाठीवर नावं.
चषक उंचावणाऱ्यांची नव्हेत, ती सगळ्यांनाच पाठ.
मोठ्या लीगच्या बर्फावर एकच रात्र खेळून
बसनं घरी परतलेल्यांची.
रेडिओ खरखरायचा. बायको म्हणायची,
"गव्हाचं वजन तरी नीट लिही."

परवा घराची भट्टी दुरुस्त करायला
आला एक म्हातारा, उणे एकतीसमध्ये,
हातमोजे दातांनी ओढत.
बिलावरची सही वाचून ओरेस्ट उभाच राहिला.
"चौपन्नचा जानेवारी. दुसरं सत्र.
तुमचा फटका उजव्या खांबाला लागला होता."

तळघरात बराच वेळ
नुसती भट्टीची घरघर.

"डाव्या," तो म्हणाला.
पाना पुसला,
आणि बिलातले दोन डॉलर खोडले.