साचा

रात्रीची वीज स्वस्त, म्हणून शिरोलीला
आमची भट्टी अंधारातच पेटते.
पेटते आपलं म्हणायचं. जाळ नसतोच,
तांब्याच्या वेटोळ्यातून करंट फिरतो
आणि भंगार आतल्या आत तांबडं होत जातं:
स्कूटरचे ड्रम, उसाच्या चरकाचे दाते,
कुणाच्या तरी शिलाई मशीनचं चाक.

पद्मजा बारावीला. प्रोजेक्टसाठी भट्टी बघायची म्हणून
मालकांना विचारून एकदा आणली होती.
माझी निळी काच डोळ्याला लावून बराच वेळ उभी राहिली
आणि म्हणाली, अण्णा,
माणसाला तारा करता येईल का?

मी फौंड्रीतला माणूस. मी आधी विचारलं,
साचा कशाचा?

इलाही खो खो हसला.
तीस वर्षं वाळू चाळतोय, त्याला कळला प्रश्न.
वितळवणं सोपं असतंय पोरी, धरून ठेवणं अवघड.
पंधराशे डिग्रीलाच आमचं अस्तर खाल्लं जातं,
महिन्याला ठोकून नवं भरायचं.
तुझ्या ताऱ्याला किती?

पोटात दीड कोटी, ती म्हणाली.
इथं करायचा तर त्याच्या दहापट.

इलाहीनं फावडं खाली ठेवलं.

मग वरच्या ताऱ्याला कोण धरतंय?
कुणी नाही. तो आपल्याच वजनानं
आपल्याला आवळून बसलेला असतो.
आपल्याकडं तेवढं वजन नाही, म्हणून चुंबकानं
अधांतरी धरायचा, भिंतीला शिवू द्यायचा नाही.
जमलंय?
जमलंय. थोडा वेळ.
थोडा म्हणजे, चहा होईस्तोवर?
तेवढाच, अण्णा.
आणि जेवढी वीज घातली तेवढी तरी परत?
ती काच पुसायला लागली.
मला मालकांच्या टेबलावरचं बिल दिसलं.

आणि जळण?
पाणी, ती म्हणाली. पाण्यातला हायड्रोजन.

इथं मात्र मी गप्प झालो.
भंगारात वाटीभर पाणी राहिलं तर काय होतं
ते इलाहीच्या मानेवर लिहिलेलं आहे.
छताच्या पत्र्यालाही. त्या भोकातून
अजून थोडं चांदणं येतं वाळूवर.
आयुष्यभर पाण्याला भीत आलो,
आणि ही पंचगंगेची घागर घेऊन तारा पेटवायला निघाली!

चहाला बाहेर आलो. पौषातली थंडी,
हायवेवर साखरेचे ट्रक, वर मृग.
रंगावरून धातू ओळखणं हेच माझं काम,
म्हणून मी वर बोट केलं: तो तांबडा बघ,
खांद्यावरचा. अजून चढायचाय.
खालचा तो निळसर, तसला रंग
भट्टीत मी कधी बघितला नाही. बघायला मिळूही नये.

तांबडा चढत नाही अण्णा, ती म्हणाली.
तो उतरणीला लागलाय.

असेल. चढताना आणि उतरताना
रंग एकच असतो.
भट्टीपाशी नुसतं लक्षात ठेवावं लागतं
की स्विच आपण कधी दाबला होता.
याचा कुणाच्या लक्षात असणार?

मग कप हातात तसाच धरून तिनं सांगितलं,
तसले थोरले तारे कशानं मरतात ते.
जळत जळत शेवटी पोटात लोखंड साठतं.
लोखंड जाळून हाती काही लागत नाही.
तिथं तो थांबतो, आणि कोसळतो.
जगातलं लोखंड म्हणजे असंच कुठलं कुठलं
उधळून आलेलं.

इलाही म्हणाला, म्हणजे आपण रोज...
आणि पुढं काही बोलला नाही.

आत हाक आली. धातू तयार होता.
मी मळी ओढली, काच लावली, रंग बघितला.
होईल का, न होईल का, ते राहूनच गेलं.
पद्मजाला तिच्या मामानं गाडीवरून नेलं.

त्या रात्री पंपाची बारा कव्हरं ओतली.
साच्याच्या तोंडाशी धातू पांढरा, मग पिवळा, मग तांबडा,
उतरतानाचा तांबडा.
इलाहीनं प्रत्येकावर मूठभर वाळू टाकली.
रोजच टाकतो.
त्या रात्री जरा सावकाश टाकली.