पायाला माइक

विमानात त्यांचा पाट हरवला.
फिडल आलं, अकॉर्डियन आलं, चमचेसुद्धा आले
(ते लोक चमचे वाजवतात, जेवणाचेच, मांडीवर),
पण ज्या पाटावर ओडील बसल्या बसल्या
दोन्ही पायांनी ठेका धरते, तो पाट
कुठल्याशा विमानतळावर फिरत राहिला.

दुपारचे तीन. वाशीचं नाट्यगृह. शो साडेसातचा.
मला सांगण्यात आलं, माइक पायाला लावायचा.
वीस वर्षांत मी गळ्याला लावले, ढोलकीला लावले,
पेटीच्या भात्याला,
एकदा एका मंत्र्याच्या शालीत अडकलेला
भर भाषणात सोडवला.
पायाला कुणाच्या लावला नव्हता.

स्टेजचं प्लायवूड तिनं टाचेनं ठोकलं
आणि नाक मुरडलं.
बाजारात कलिंगड ठोकून आई मुरडायची, तसंच.

मग मला फळी आठवली.
घणसोलीत, आमच्या गच्चीवर,
टाकीखाली चाळीस वर्षं काहीच न करता पडलेली.
किंजळाची. मधोमध कडीचं भोक.
बापाच्या खाजणातल्या उघाडीचं दार.
रिक्षावाल्यानं तिचं वेगळं भाडं घेतलं.

ओडीलनं आधी पाय नाही ठेवला.
वाकून वास घेतला. भोकात बोट घातलं.
मग जेरोमला हाक मारली, आणि दोघं
त्यांच्या भाषेत इतक्या जोरात बोलू लागली
की मला वाटलं, फळी नापास.
तिनं गाण्यांच्या यादीच्या पाठीवर चित्र काढलं :
एक बांध. अलीकडे शेत. पलीकडे लाटा.
बांधाच्या पोटात एक पोकळ लाकूड,
लाकडात लोंबतं दार.
एक बाण बाहेर जाणारा.
एक बाण आत येणारा, त्यावर फुली.

माझा बाप हसुराम हेच बोलायचा, चित्राशिवाय :
"यो दार पानी जाव देतं, येव देत नाय.
मानसाला जमलं पायजे."

मला फ्रेंच येत नाही.
मी पेन घेतलं आणि दाराच्या तोंडाशी
एक चिंबोरा काढून दिला.
ती इतकी हसली की जेरोमनं चमचे खाली ठेवले.

कार्यक्रमात निवेदिकेनं वाचून दाखवलं :
पावणेतीनशे वर्षांपूर्वी सैनिक आले,
गावं जाळली, माणसं जहाजांत कोंबली,
मागे बांध फुटले, शेतात खारं पाणी शिरलं.
मी अर्धंच ऐकलं. पायाचा माइक शिट्टी मारत होता.

आम्हाला कुणी जहाजात घातलं नाही, हे खरं.
आम्हाला नोटीस आली. मग चेक.
मग बऱ्याच वर्षांनी साडेबारा टक्के.
आम्ही होतो तिथेच आहोत.
जमीन तेवढी गेली.
उघाडी होती तिथे आता मॉलचं दुसरं तळघर आहे,
भरतीला तिथे पंप लावतात.

मग ओडीलनं बूट बदलले आणि सुरू केलं.
टाच, चवडा, चवडा. टाच, चवडा, चवडा.
वर फिडल पळत होतं, तिचा चेहरा मात्र
बँकेत रांगेत उभ्या बाईसारखा.
सगळं बोलणं खाली, घोट्याच्या खाली.
फळी घुमायला लागली,
दोनशे हर्ट्झच्याही खालून, मडक्यातून बोलल्यासारखी.
नियमानं ते कापायला हवं.
माझं बोट नॉबवर होतं.
बोट तिथेच राहिलं.
तिसऱ्या रांगेत एक म्हातारा
चप्पल काढून बसला होता, तो एवढंच दिसलं.

सामान आवरताना तिनं खुणेनं विचारलं, नेऊ?
तेवीस किलोची हद्द आहे, मी खुणेनंच सांगितलं.
खरं तर फळी अकराचीसुद्धा नसेल.

आता ती गच्चीवर नाही. जिन्याखाली आडवी असते.
येता-जाता कुणाचा तरी पाय लागतो.
पोरगं मुद्दाम लाथ मारतं.
बायको ओरडते.
मी म्हणतो, डाव्यानं पण मार.