घोड्याला बाहेरून कडी

हलगेकर सरांनी ती गोष्ट आमच्या दुकानात सांगितली,
रंध्याच्या आवाजात.
दहा वर्षं वेढा, मेस्त्री, भिंत काही पडेना,
मग लाकडाचा घोडा, पोटात माणसं.
गॅदरिंगला पाहिजे. शुक्रवारपर्यंत.
अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली.
लाकूड कुठलं होतं?
ते सरांच्या पुस्तकात नव्हतं.

सागवानाला फॉरेस्टचा पास लागतो. फणस जड.
शेवटी कौलांच्या फॅक्टरीतल्या जुन्या फळ्या आल्या,
त्यांच्यावर कंपनीचं नाव, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये.
मानेवरचं आयाळीखाली झाकता आलं.
पोटावरचं तसंच राहिलं.

रात्री मी बॅटरी धरायची
आणि अप्पा घोड्यात शिरून मापं घ्यायचे,
चार पोरं, आठ गुडघे.
आतून आवाज यायचा,
"तिकडं कुणी केल्ता गं हा?"
राजांची नावं पानभर होती.
सुताराचं एका ओळीत सापडलं,
ते मला नीट म्हणता येईना.
"असू दे. हाय न्हवं?"
आणि पुन्हा ठोकाठोक.

कडी आतून, असं चित्रात होतं.
अप्पांनी बाहेरूनही उघडेल अशी एक बसवली,
कुणाच्या तरी देव्हाऱ्याची उरलेली, पितळेची.
मी म्हटलं, अप्पा, मग शहरातले लोक उघडून बघतील,
लढाईच व्हायची नाही.
"खरं पोरं गुदमरली तर?"

राणीच्या पार्टला कुणी मुलगी दिली नाही.
जिच्यापायी एवढी गलबतं निघाली
तिच्या जागी खुर्चीवर घडी घातलेली शहापुरी साडी.
गलबतं पुठ्ठ्याची. चोर्ल्याचा घाट उतरला की समुद्र,
पण आमच्यापैकी दोघांनीच पाहिलेला.

म्हाताऱ्या राजाचं काम शिपाई बसलिंगप्पांना.
मुलाला मारणाऱ्याच्याच तंबूत जायचं,
त्याचे हात धरायचे, प्रेत मागायचं.
महिनाभर पाठ केलेलं मराठी
गुडघे टेकताना कुठं गेलं कोण जाणे.
बसलिंगप्पा नुसतेच थांबले.
मग हळू म्हणाले,
"नन्न मगन्न कोड्री."
माझा मुलगा द्या.
नववीतल्या सातेरी चोपडेला आधी तीनदा नाही म्हणायचं होतं.
तो पायातली पुठ्ठ्याची चिलखतं सावरत उठला
आणि म्हणाला, न्या मामा.
पडद्यामागून सर वह्या हलवत राहिले.

त्याच्यानंतर पाहुण्यांचं भाषण, सव्वा तास.
घोडा तोवर विंगेत उभा, पोरांसकट.

लाल जिलेटीन लागलं.
आता कडी उघडणार, उड्या पडणार, शहर पेटणार.
ढोल वाजला. पुन्हा वाजला.
सर घोड्याच्या शेपटीशी कुजबुजले,
मग ओरडले.
प्रेक्षकांत कुणीतरी शिट्टी मारली.

अप्पा बनियनवरच स्टेजवर चढले,
बाहेरची कडी सरकवली,
आणि एकेक काढून खांद्यावर घेतला,
तलवारी हातात, तोंडं उघडी, गाढ झोपलेले चौघे.
आया पुढं आल्या, आपापला घेऊन गेल्या.
पडदा अडकलेला.
चुन्यानं रंगवलेली भिंत तशीच उभी,
लाल उजेडात, बराच वेळ.

सरांनी पुढं वर्षानुवर्षं वर्गात तेच शिकवलं.
शहर जळलं. लिहून घ्या.

त्या रात्री रेल्वे गेटपाशी मालगाडीनं थांबवलं.
अप्पांच्या एका हातात करवत, दुसऱ्यात माझा हात.
डबे मोजता मोजता म्हणाले,
"शहर जळलं तवा घोडा पण आतच हुता की.
मग त्यो पण गेला असंल."
थोड्या वेळानं,
"त्या मेस्त्रीला कुणी सांगितलं असंल का?"
गार्डाचा डबा गेला,
तरी आम्ही गेट उघडायची वाट बघत उभे.