टॅलीबुकाची मागची पानं

सोहारच्या धक्क्यावर माझं काम मोजायचं:
अ‍ॅल्युमिनियमची किती वेटोळी चढली, किती राहिली.
हिंगोलीच्या माणसाला समुद्र
तिशीत पहिल्यांदा दिसला, तोही पगारी.

टॅलीबुकाच्या मागच्या पानांवर
शब्द उतरवतो, बाळबोध अक्षरात.
मलायी बोसन रझाली दोनाला 'दुआ' म्हणतो
आणि रात्रपाळीत एक, दुआ, तीन
अशी माझी मोजणी बिघडते.
'हाती-हाती', तो ओरडतो. म्हणजे जपून.
माझ्या हाती तेव्हा नुसती पेन्सिल.

क्रेनवरचा इळंगो उद्याला 'नाळै' म्हणतो.
मोळवणे हे आडनाव अख्ख्या बंदरात
त्याच्याच तोंडी ळ-सकट शाबूत आहे.
रजा कधी, विचारलं की नाळै.
गेल्या वर्षीही नाळैच होतं.

चिनी मात्र वहीत मावत नाही.
चीफ मेट छिऊ डेकवर उकिडवा बसून शिकवतो:
माय. आवाज विहिरीत सोडून वर ओढला, तर विकत घेणे.
तोच वरून आपटला, तर विकणे.
देवनागरीत दोन्ही सारखेच.
मी एका 'माय'वर वाटीसारखी रेघ काढली,
दुसऱ्यावर घसरणारी.
तिसरी, आमची, बिनरेघेची,
ती लिहिलीच नाही.

परवा साखळीतून एक वेटोळं निसटलं,
माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर पडलं.
मी ओरडलो, अगं माय!
छिऊ पांढराफटक. मला धरून खाली बसवलं,
पाणी पाजलं, मग म्हणाला:
अशा वेळी काय विकत घेत होतास?
रझाली हसला, इळंगो वरून हसला.
मला हसू यायला जरा वेळ लागला.

बाजाराच्या दिवशी घरी फोन लावला.
ती पाल ठोकून बसली होती, बांगड्यांचं.
औंदा हिरव्याला भाव नाही, म्हणाली.
तिकडं कोणती भाषा बोलतोस रे?
मी सांगायला लागलो
तर म्हणाली, थांब, गिऱ्हाईक आलंय.

फोन बंद केला नाही तिनं. मांडीवर असावा.
कुणा बाईचा हात दाबत बोलत होती,
सैल सोड गं. अजून सैल.
मी कानांनी मोजत राहिलो.
सहा चढल्या. एक फुटली.
आमच्यात फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
छिऊला हे अजून सांगायचंय.