ऊर्फ

हेळवी आता टेम्पोतून येतो. बैल त्याच्या बापाबरोबर गेला.
लाल फडकं सोडून वही उघडतो आमच्या सोप्यात,
कसबा बावड्यात, ऊस तुटून गेल्यावर.

येसबा, येसबाचा रवळू, रवळूचा दौलू,
एका दमात.
मूळचे तुम्ही खराडे. येसबा पागेत
घोड्यांना तोबरे बांधायचा, म्हणून तोबरे.
सात-बाऱ्यावर ‘खराडे ऊर्फ तोबरे’ होतं,
शाळेत मास्तरांनी ऊर्फच्या अलीकडचं गाळलं.

थोरलीला शियेच्या खराड्यांचं स्थळ आलेलं,
सुपारी फुटायची तेवढी राहिलेली.
यानंच वही मिटून सांगितलं:
देवक एक. भाऊबंद लागता.

मी विचारलं, रवळूची बायको?
बोट ओलं करून पान उलटलं. “कागलची.”
नाव?
“बायकांचं गाव लिवतो आमी.”

मग मी माळ्यावरची घागर काढली, चिंचेनं घासली.
गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी:
चंद्राबाई ऊर्फ बनू.
कुठलं माहेरचं, कुठलं सासरचं,
घागर सांगत नाही.

त्यानं वाचलं. अक्षर झ्याक हाय, म्हणाला,
आणि तीच भरून नेली
रेडिएटरमध्ये ओतायला.